जाम नदीतला पांढरा झेंडा

महायुद्धानंतर जगात शांतता कशी नांदवावी, याविषयीची माझी मतं नागपुरात पुष्कळांना ठाऊक होती, कारण कोणी विचारली नाहीत तरी मी ती सांगत असे. कॉलेजात नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला दुसरा उद्योग काय असणार? शेजारच्यांनी एकत्र बसावं, संयुक्त समित्या नेमाव्यात, निवडणुका घ्याव्यात, जुनी दुखणी एकमेकांसमोर बोलून टाकावीत, म्हणजे तोफा आपोआप गंजतील, असा माझा सिद्धांत होता. आमच्या छोट्याशा शांतता मंडळात या भाषणाला नेहमी टाळ्या पडत. एकदा त्या जरा जास्तच पडल्या आणि चिटणीस उठून म्हणाले, "सर, आता हे कुठं तरी करूनच दाखवा." जग फार लांब होतं. पांढुर्णा जवळ होतं.

पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. जाम नदीच्या या काठाला पांढुर्णा, त्या काठाला सावरगाव. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा बांधतात आणि दोन्ही गावं दिवसभर एकमेकांवर गोटे (दगड) मारतात. पांढुर्ण्यानं झेंडा काढून आणला की चंडीमातेची पूजा होते आणि खेळ संपतो. स्वातंत्र्य आलं, राज्यघटना आली, मतदान झालं, तरी हे चालूच आहे याचं मंडळाला फार दुःख होतं. मला मात्र मनातून आनंदच झाला. इतका तयार संघर्ष घराजवळ मिळायला भाग्य लागतं. वळकटी बांधताना बायकोनं एवढंच विचारलं, "तुम्हाला साधा चेंडू तरी चुकवता येतो का?" मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

पांढुर्ण्याला मोठ्या लाईनची गाडी सरळ जाते. पण मंडळानं मला आधी तहसिलीच्या गावी, सौसरला जाऊन तिथल्या एका वकिलांना भेटायला सांगितलं होतं, म्हणून मी छोट्या लाईनच्या गाडीत बसलो. ही गाडी इतकी निवांत चालते की वाटेतल्या शेतातल्या माणसाशी सुरू केलेलं बोलणं पुरं करता येतं. माझ्यासमोर एक शेतकरी गृहस्थ बसले होते. कुठं निघालात, म्हणून त्यांनी विचारलं.

"पांढुर्ण्याला. शांतता प्रस्थापित करायला."

"काऊन जी? कोनाचा झगडा होऊन राहिला?"

"अजून व्हायचा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी."

"ते होय? तो झगडा नाही जी, ते गोटमार आहे," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे पाहून हसतो तसा मी हसलो.

सौसरला वकीलसाहेबांच्या घरी बैठक भरलेली होती, पण ती माझ्यासाठी नव्हती. त्या दिवसांत राज्यांची फेररचना ठरली होती. दिवाळीच्या सुमारास नागपूर मुंबई राज्यात जाणार होतं, आणि सौसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहणार होतं, राजधानी मात्र भोपाळला. आजवर कोर्ट, कॉलेज, कापसाचा बाजार, लग्नाचा बस्ता, सगळं नागपूरला करणारी ही माणसं. ओसरीवर त्याचीच चर्चा चालली होती. मी माझा विषय काढला तेव्हा वकीलसाहेब कळवळून म्हणाले, "गुरुजी, तुम्ही त्या सरहद्दीचं काही करता येते काय ते पाहा. दगडाचं आम्ही पाहून घेऊ."

तरीही त्यांनी शाळेत माझं भाषण ठेवलं. शेजारी राष्ट्रांतलं सहकार्य, दुभंगलेल्या समाजांतली लोकशाही, युद्ध संपल्यावर करायची कामं, असं मी बरंच काही बोललो. शेवटी प्रश्न विचारा म्हटलं, तर मागच्या रांगेतून एकच प्रश्न आला, "आमचं अपील नागपुरात पडलं आहे, ते आता कोठं चालन?" सभा संपली.

रात्रीच्या जेवणात भाकरी आणि झुणका होता, आणि पानाच्या कडेला हिरवंगार काहीतरी वाढलेलं होतं. मी ती कोथिंबिरीची चटणी समजून भाकरीच्या मोठ्या घासाला लावली. तो ठेचा होता. वकिलीणबाईंनी न बोलता दह्याची वाटी पुढे सरकवली. दुभंगलेल्या समाजांविषयी मी त्या रात्री आणखी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सौसरहून मोटारीनं निघालो. मोहगावला देवळाजवळ मोटार थांबली आणि थांबूनच राहिली, चाक बसलं होतं. उतारू खाली उतरून आपापल्या गप्पांत रमले. दोन्ही बाजूंना कपाशी फुलावर आली होती. संत्र्यांच्या बागांत हिरवी फळं पानांत लपून बसली होती. त्यातलं एक मी तोडून खाल्लं आणि पुढच्या प्रवासात दात आंबल्यामुळे पुन्हा गप्प बसलो. आता विचार करतो तेव्हा वाटतं, त्या मुलखानं मला गप्प बसवायचा प्रयत्न अगदी पहिल्यापासून केला होता. मी दाद दिली नाही, इतकंच.

पांढुर्ण्यात माझी सोय वकीलसाहेबांच्या ओळखीचे नामदेवराव यांच्या घरी होती. त्यांचं किराणा दुकान होतं, मागे राहतं घर. तिशीच्या आतला, हसरा माणूस, पुढचे दोन दात पडलेले. घरात ते आणि त्यांची बायको कौसल्या, दोघंच. नामदेवरावांची आई दोन्ही लेकरांची लग्नं व्हायच्या आधीच गेली होती आणि बहीण लांब बैतुलला दिलेली. कौसल्याबाई पोटुशी होत्या, पहिलंच बाळंतपण. नदीपलीकडच्या सावरगावात त्यांचं माहेर; पाण्यातून चालत गेलं तरी पदर भिजू नये इतकं जवळ.

"गोटमार झाली का दादा बंडी (बैलगाडी) घेऊन येते," त्यांनी पहिल्याच संध्याकाळी मला सांगितलं. कोपऱ्यात त्यांचं गाठोडं बांधून तयार होतं. "मायनं बाळासाठी जुन्या लुगड्याईच्या गोधड्या शिवून ठेवल्या. रोज निरोप धाडते, कवा येतं म्हणून."

त्यांचा दादा म्हणजे शालिक. सावरगावचा शेतकरी, कपाशी आणि संत्र्यांची छोटी बाग असलेला. उंच, लाजाळू, आणि गोटमारीत सावरगावचा पट्टीचा खेळाडू. नामदेवराव पांढुर्ण्याचे. म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नवरा एका काठाला आणि भाऊ दुसऱ्या काठाला. मी विचारलं, "तुम्ही कोणत्या बाजूच्या?"

"मी कोनत्या बाजूची असन जी?" त्या म्हणाल्या. "सकाळी इकडं भाकऱ्या बडवतो, संध्याकाळी तिकडं जखमाईले हळद लावतो."

हे वाक्य ऐकून कोणाही शहाण्या माणसानं त्याच क्षणी नागपूरची गाडी पकडली असती. मी समितीची घटना लिहायला बसलो.

तिचं नाव मी 'उभय-तीर संयुक्त सुरक्षा समिती' असं ठेवलं होतं. निम्मे सभासद पांढुर्ण्याचे, निम्मे सावरगावचे. गोफण बंद, लिंबापेक्षा मोठा दगड बंद, जखमींसाठी दोन्ही काठांवर मदतकेंद्र. चंडीमातेच्या देवळासमोर सभा भरली. पाहुण्याचा मान म्हणून दोन्ही गावांची झाडून सारी कर्ती माणसं आली. निवडणूक घ्यायची म्हटल्यावर प्रत्येकानं दुसऱ्याचं नाव सुचवलं आणि सगळेच बिनविरोध निवडून आले. अध्यक्ष शालिक झाला, कारण तो मागच्यांनाही दिसत होता. सगळी कलमं टाळ्या वाजवून मंजूर झाली. इतकी समंजस माणसं मी कोणत्याही परिषदेच्या वृत्तान्तात वाचली नव्हती.

तिथं थांबलो असतो तर आज मी मंडळाचा अध्यक्ष असतो. पण माझ्या सिद्धांताचा मुख्य भाग अजून राहिला होता. जुनी दुखणी बोलल्याशिवाय समेट खरा होत नाही. ज्याला लागलं त्यानं सांगावं, ज्यानं मारलं त्यानं कबूल करावं, दोघांनी गळ्यात गळा घालावा. मी तसं सांगितलं.

"नामदेवराव," मी आपल्या माणसापासून सुरुवात केली, "तुमचे दात कसे गेले?"

"गोटमारीत गेले," ते हसून म्हणाले.

"कोणाच्या दगडानं?"

ते हसायचे थांबले. पुढं बसलेले एक म्हातारे गृहस्थ हळूच म्हणाले, "असं इचारत नसतात, गुरुजी."

"का नाही?"

"गोटा नदीतून येते. कोनाच्या हातातून येते, ते पाहाचं नसते. पाह्यलं तरी सांगाचं नसते. सांगतलं तर वरीसभर एकमेकाच्या पंगतीले बसाचं कसं?"

मी हात जोडून म्हणालो की बाबा, याच भीतीनं जग आजवर मागे राहिलं. सत्य बाहेर आलं की ते माणसांना जोडतं. मग मी सत्यावर बोललो, आणि त्या दिवशी फारच चांगलं बोललो. बोलताना माझाच आवाज भरून आला. शेवटचं वाक्य संपायच्या आत शालिक उठून उभा राहिला. त्याचे डोळे पाण्यानं भरले होते.

"भाटवे (बहिणीचे यजमान)," तो नामदेवरावांना म्हणाला, "तो गोटा माह्या हातचा होता. दोन सालापासून मनात ठेवून राहिलो."

आणि हात पसरून तो वाट पाहत राहिला. मी त्याला सांगितलंच होतं तसं. मी टाळ्या वाजवल्या. एकट्याच्या टाळ्यांचा आवाज किती वाईट येतो, ते मला तिथं कळलं. नामदेवराव सावकाश उठले, धोतराची धूळ झटकली आणि घरी निघून गेले. शालिक हात पसरलेलाच उभा होता. मग बाकीची माणसंही उठली. जाताना एकानं मला वाकून नमस्कारही केला.

मी घरी पोचलो तेव्हा नामदेवराव दुकानात शेंगदाणे निवडत बसले होते. "तुमी पाव्हणे आहा," ते मान वर न करता म्हणाले, "जेवून घ्या." मग आत वळून म्हणाले, "कौसल्ये, गाठोडं सोड. बाळंतपन इथंच होईन. सावरगावची वाट बंद."

"इथं कोन करन माहं?" आतून आवाज आला.

"दायी बोलावतो."

"अन् रातचं? अन् लेकराले न्हाऊ कोन घालन?"

नामदेवरावांनी शेंगदाण्यांचं सूप आणखी जवळ ओढलं.

मी धीर करून नामदेवरावांशेजारी बसलो. म्हणालो, "राग येणं साहजिक आहे. पण दोन वर्षं लपलेलं सत्य..."

"लपलेलं कोठं होतं जी?" ते म्हणाले. "माह्या डोयानं पाह्यलं होतं मी. त्याच साली त्याच्या घरी जाऊन पुरणपोळी खाल्ली, दात नव्हते तं दुधात कुस्करून खाल्ली. त्यालेही माहीत, मलेही माहीत. पन आता साऱ्या गावाच्या तोंडावर सांगतलं. आता मी काही नाही केलं, तं मले बायको म्हनतीन लोकं."

त्यांच्या दोघांमध्ये एक गोष्ट नीट झाकून ठेवलेली होती, आणि त्या झाकणावर त्यांचा सगळा सोयरेपणा उभा होता. ते झाकण मी भाषण करून काढलं होतं. रात्री भिंतीपलीकडून कौसल्याबाईंच्या रडण्याचा आवाज येत होता आणि मला अतिशय लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मी नदी ओलांडून शालिककडे गेलो. तो गोठ्यात बैलांची शिंगं रंगवत होता, पोळा दोन दिवसांवर आला होता. त्याची आई ओसरीवर गोधडीला टाके घालत होती. मी दोघांची क्षमा मागितली. शालिक म्हणाला, "तुमचा काय दोष जी? मीच येडा, उभा राह्यलो." आई मात्र सुई थांबवून माझ्याकडे पाहत राहिली.

"गुरुजी, तुमी चांगलं बोलता," ती म्हणाली. "जरा कमी बोलत जा."

मग ती गोधडी पुन्हा मांडीवर ओढून म्हणाली, "पोरीचं पयलं बाळंतपन. मी इथं बसून कशी राहू, सांगा बरं. पन जवायानं वाट बंद केली तं मी कोन्या तोंडानं जाऊ तिकडं?" मी उठून परत निघालो. येताना पाण्यात एक चप्पल वाहून गेली.

पोळा झाला. सजवलेले बैल तोरणाखाली उभे राहिले, झडत्या (पोळ्याला हौसेनं म्हणायची कवनं) झाल्या, घरोघरी पुरण शिजलं. नामदेवरावांच्या घरी पुरणपोळी झाली, पण ती तिघांनी गप्प बसून खाल्ली. दर पोळ्याला सावरगावहून ताट येई, ते आलं नाही. इकडूनही गेलं नाही.

आता मी काय करावं? दुसऱ्या कोणी सरळ परतीचं तिकीट काढलं असतं. मी ठरवलं की शांतता निरीक्षक म्हणून गोटमारीला नदीत उभं राहायचं. निदान शालिक आणि नामदेवराव यांच्यामध्ये तरी. परिषदांच्या वृत्तान्तांत असे निरीक्षक असतात आणि तटस्थपणाची खूण म्हणून त्यांच्या हातात पांढरा झेंडा असतो, हे मी वाचलेलं होतं. माझं उपरणं मी एका काठीला बांधलं. जिथं सकाळपासून हजारो माणसं एका झेंड्यासाठी जिवावर उदार होतात, तिथं आपण दुसरा झेंडा घेऊन जात आहोत, हे माझ्या लक्षात आलं नाही. कोणाच्याही लक्षात आलं असतं, पण मी कोणाला विचारलं नाही.

सकाळी पळसाच्या झाडाची पूजा झाली. बायका काठांवर जमल्या. शालिकच्या जवळ राहावं म्हणून मी आधीच सावरगावच्या काठाला जाऊन उभा होतो. पांढुर्ण्याच्या काठावर गर्दीच्या मागं मला कौसल्याबाई दिसल्या. हात पोटावर ठेवून त्या पलीकडं पाहत होत्या. मग आरोळी उठली आणि दगड सुरू झाले. वर्तमानपत्रात वाचणं वेगळं आणि कानाजवळून दगडाचा सूं आवाज जाणं वेगळं. तरी मी झेंडा वर धरून सावरगावच्या बाजूनं पाण्यात उतरलो.

आधी दोन्ही काठांवर हशा पिकला. मग पांढुर्ण्याची चार-सहा पोरं "झेंडा, झेंडा" करत माझ्याच दिशेनं धावली. सावरगावचे लोक माझा झेंडा वाचवायला धावले. क्षणात मी त्या युद्धाची दुसरी आघाडी झालो होतो. शालिक गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ आला आणि माझं बखोट धरून म्हणाला, "गुरुजी, फेका ते अन् मागं सरा."

तेवढ्यात मला समोर नामदेवराव दिसले. गुडघाभर पाण्यात उभे. बाकी सगळे नुसते पलीकडच्या काठावर दगड भिरकावत होते. नामदेवराव तसे मारत नव्हते. ते एका माणसाकडे पाहत होते. हात मागे गेला, डोळे शालिकवर रोखलेले. मी जन्मात एवढा घाबरलो नसेन. मी शालिकच्या पुढे झालो, असं लिहायला मला फार आवडलं असतं. खरं म्हणजे पळायला वळलो, शेवाळावरून पाय घसरला आणि शालिकच्या पुढ्यात आलो. दगड माझ्या कपाळाला लागला.

शुद्धीवर आलो तेव्हा मी सावरगावच्या काठावर आडवा होतो. कोणीतरी चंडीमातेचा अंगारा जखमेवर दाबून धरला होता. आजूबाजूला दोन्ही गावांची माणसं वाकून पाहत होती. पाहुणा पडला म्हटल्यावर या टोकाचे दगड थांबले होते. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, जो त्या गावानं आजवर कधी विचारला नव्हता आणि मीच त्यांना शिकवला होता.

"कोनं मारला, गुरुजी? पाव्हण्याले कोनं मारला?"

"नाव सांगा. गोटमार आपसातली आहे, पाव्हण्याले मारणं नाही होत."

गर्दीत नामदेवराव उभे होते. नदी ओलांडून धावत आले असावेत, अंगावरून पाणी निथळत होतं, चेहरा राखेसारखा. शालिक माझ्या उशाशी बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग मान खाली घातली. दगड कोणाचा आणि कोणासाठी होता, ते त्यालाही ठाऊक होतं. मी एक नाव उच्चारलं असतं तर ती नदी त्या दोन घरांना कायमची आडवी आली असती. कौसल्याबाईंना माहेर उरलं नसतं. माझा सारा सिद्धांत माझ्या जिभेवर होता. आणि जन्मात पहिल्यांदा मला बोलावंसं वाटलं नाही.

"मी पाहिलं नाही," मी म्हणालो. "नदीतून आला."

सभेत मला थांबवणारे ते म्हातारे गृहस्थ पुढंच उभे होते. ते "बरं झालं" एवढंच म्हणाले. माणसं मागे सरली. लगेच पलीकडे पुन्हा आरोळ्या सुरू झाल्या.

"घर जवळ आहे," शालिक कोणाकडेच न पाहता म्हणाला. "पन एकट्यानं उचलनं नाही होत."

नामदेवराव वाकले आणि त्यांनी माझे पाय उचलले. शालिकनं खांद्याखाली हात घातले. अशी माझी वरात सावरगावच्या गल्लीतून निघाली. मी बराच जड आहे, त्यामुळे दोघांना वाटेत बोलावंच लागलं. "सांभाळा भाटवे, खड्डा आहे." "तुमी पुढं पाहा." सभेनंतर मेव्हण्या-मेव्हण्यांत झालेली ही पहिली बोलणी. मंडळाच्या कार्यात माझ्या डोक्याचा झालेला हा पहिलाच उपयोग.

दाराशी नामदेवराव थबकले. माझे पाय त्यांच्या हातात, म्हणजे त्यांना माघारीही जाता येईना. शालिकच्या आईनं पाण्याचा तांब्या उंबऱ्याजवळ ठेवला आणि रोजच्यासारखं म्हणाली, "जवाई, पाय धुवा." ते आत आले.

मला खाटेवर टाकलं तोच बाहेर गलका झाला. नदीवरून आलेल्या बायकांनी सांगितलं ते असं. नवरा सावरगावच्या गल्लीत शिरलेला पाहून कौसल्याबाई घरी गेल्या, गाठोडं काखेत मारलं आणि सरळ नदीत उतरल्या. कोणीतरी ओरडलं, "बाई येऊन राहिली." दोन्हीकडचे उगारलेले हात तसेच थांबले. पोटुशी बाई पाण्यातून हळूहळू चालत पलीकडच्या काठाला लागली, आणि तिनं काठावर पाय ठेवल्यावर पुन्हा दगड सुरू झाले.

त्या आत आल्या तेव्हा नामदेवराव पाट टाकून बसलेले होते. "तू कायले आली?" त्यांनी विचारलं.

"गुरुजीले हळद लावाले."

"अन् गाठोडं?"

"त्यात हळद आहे," कौसल्याबाई म्हणाल्या आणि गाठोडं आईच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. आईनं सगळ्यात वरची गोधडी झटकून तिच्या अंगावर घातली. थोड्या वेळानं शालिकच्या आईनं त्यांच्यापुढे पुरणपोळी आणि दुधाची वाटी ठेवली. त्यांनी पोळी दुधात कुस्करली. मला रडू आलं, आणि सगळ्यांना वाटलं जखम दुखते आहे.

दुसऱ्या दिवशी मी डोक्याला फडकं बांधून पांढुर्ण्याच्या स्टेशनवर आलो. नामदेवराव आणि शालिक दोघंही पोचवायला आले. समितीविषयी कोणीच काही बोललं नाही, मीही नाही. गाडी तिगाव सोडून नरखेडकडे निघाली तेव्हा मी बाहेर पाहत होतो. दिवाळीनंतर इथं कुठं तरी नवं राज्य सुरू होणार होतं. खिडकीतून मात्र कपाशीमागून कपाशी आणि बागांमागून बागा जात होत्या, कुठंही काही संपल्याचं दिसलं नाही. दोन्हीकडची माणसं उद्याही एकमेकांच्या लग्नाला जातील, एवढं मला आता ठाऊक झालं होतं. त्यासाठी ती कोणकोणत्या गोष्टी मुद्दाम विसरतात, हे माझ्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नव्हतं. मंडळात मी राजीनामा दिला. चिटणीसांनी कारण विचारलं, तर म्हटलं, माझी प्रकृती बोलण्यायोग्य राहिली नाही.

थंडीत, सरहद्द बदलून गेल्यावर, शालिक नागपूरला आला. खांद्यावर संत्र्यांचं पोतं. कौसल्येला मुलगी झाली होती, सावरगावातच. बारशाला नामदेवराव दुकान बंद करून चार दिवस सासुरवाडीला राहिले होते. आम्ही संत्री सोलत अंगणात बसलो. माझ्या बायकोनं गेले कित्येक दिवस माझ्या कपाळावरच्या व्रणाची चौकशी चालवली होती आणि माझ्याकडून तिला काही मिळालं नव्हतं. तिथं हजर असलेला माणूस सापडल्यावर ती कशी सोडणार?

"शालिकभाऊ," ती म्हणाली, "तुम्ही तर शेजारी होतात. खरं सांगा, यांना कोणी मारलं हो?"

सभेत सगळ्या गावासमोर उभं राहून, डोळ्यांत पाणी आणून स्वतःचं नाव सांगणारा तो माणूस. त्यानं एक फोड तोंडात टाकली, बी हातावर काढली आणि शांतपणे म्हणाला, "काय माहीत वैनी. गर्दी लय होती."

मी त्याच्यापुढं दुसरं संत्रं सोलून ठेवलं.